खिडकी उघडली, फोटो कुठे?

ऑगस्टपर्यंत आमच्याकडे कपाशीत कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लागलेले असतात. गुलाबी बोंडअळीचे नर पतंग त्यात येऊन पडतात. एका सापळ्यात दिवसाला ८ पतंग, आणि तेही सलग ३ दिवस, आले की फवारणीचं बघायचं, अशी शिफारस आहे. म्हणजे कोणीतरी रोज पतंग मोजायला हवेत. आमच्या गावात हे काम कृषीमित्र भाऊंकडे होतं. भाऊंनी ते शेतकऱ्यांच्या फोनवर ढकललं : सापळ्याचा फोटो काढा, मला पाठवा. चाळीसेक जण पाठवू लागले. पंधरा दिवसांत सहाशेच्या आसपास फोटो जमले आणि भाऊ आमच्या दारात.

"तू काम्पुटर शिकली न वं पोरी? मंग एवढं मोजून दे."

मी राळेगाव तालुक्यातली, जिल्हा यवतमाळ. बीएस्सी झालेली, एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. पायथॉन, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, कॉलेजात एका सत्रात होतं, पण ते पाढे छापण्यापुरतं. आतेभावाकडून आलेला जुना लॅपटॉप होता. त्याची बॅटरी मेलेली, त्यामुळे लाइन गेली की तोही गेला.

पहिले दोन दिवस मी हातानेच मोजलं. फोटो उघडायचा, पतंग मोजायचे, वहीत लिहायचं, फोटो बंद, पुढचा. सत्तरेक फोटो झाल्यावर लक्षात आलं की वहीतली एक ओळ सुटली आहे आणि तिच्या खालचे सगळे आकडे एकेकाने सरकलेत. त्या रात्री ठरवलं की आपल्याला एक खिडकी हवी. वर फोटो, खाली आकडा टाकायला रकाना, एंटर दाबलं की पुढचा फोटो. बेरजा-पाढ्यांच्या पुढे पायथॉनचं काय करावं, या जागी जे आत्ता उभे असतील त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी कुठे कुठे अडकले ते बघा. तुम्हीही साधारण तिथेच अडकाल.

खिडकी बनवायला पायथॉनसोबत टीकिंटर येतं. विंडोजवर ते वेगळं घ्यावं लागत नाही. उबुंटूवर मात्र त्याचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. काम पाच ओळींचं आहे. खिडकी तयार करा, फोटोइमेजला फाइलचं नाव द्या, तो फोटो एका लेबलला, म्हणजे खिडकीतल्या दाखवायच्या पाटीला, द्या, लेबल पॅक करा म्हणजे खिडकीत बसवा आणि शेवटी खिडकी चालू ठेवणारं मेनलूप सुरू करा. मेनलूप विसरलात तर खिडकी दिसायच्या आतच प्रोग्राम संपतो.

माझ्या पाच ओळी चालल्या नाहीत, लाल अक्षरांत टीसीएल एरर आला. मला वाटलं, हे टीसीएल काय नवीन? हे समजून घेणं मला पुढे फार कामी आलं. टीकिंटर हा नुसता दुभाषी आहे. खिडक्या प्रत्यक्षात काढणारं टीके हे पायथॉनचं नाहीच. ते टीसीएल नावाच्या दुसऱ्या भाषेसोबत वाढलं, आणि दोन्ही अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात जॉन औस्टरहाउट यांनी बनवली. तुम्ही पायथॉनमध्ये बोलता, दुभाषी ते टीसीएलमध्ये सांगतो आणि टीके खिडकी काढतं. दोन घरं आहेत. एका घरातली वस्तू दुसऱ्या घराला दिसतेच असं नाही.

एररचं कारण साधं होतं. टीकेला जीआयएफ येतं, २०१२ मध्ये आलेल्या ८.६ आवृत्तीपासून पीएनजीही येतं, पण फोनचे फोटो असतात जेपेग आणि ते त्या आवृत्तीला वाचता येत नाहीत. मी हुशारी करून फाइलच्या नावाचं शेपूट बदललं, जेपीजी खोडून पीएनजी लिहिलं. काही फरक पडला नाही. फाइलच्या आत काय आहे ते तिच्या पहिल्या काही बाइटांवरून ओळखलं जातं. पाटी बदलून दुकानातला माल बदलत नाही.

जेपेग वाचायला पिलो ही लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, लागते. इथे नावांचा घोळ आहे. मूळ लायब्ररीचं नाव पिल. ती फ्रेडरिक लुंड यांनी लिहिली होती, पण २००९ नंतर तिची नवी आवृत्ती आली नाही. दुसऱ्यांनी तिचंच पुढचं रूप पिलो नावाने चालवलं. म्हणून इन्स्टॉल करायचं ते पिलो, आणि प्रोग्राममध्ये इम्पोर्ट करताना लिहायचं पिल. घरी रेंज एक काडी, ती पण गच्चीवर. मी तालुक्याला जाऊन एका ओळखीच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर पिलोची फाइल आणली, तर घरी उत्तर आलं की ही फाइल या मशीनवर चालणार नाही. पायथॉनची आवृत्ती वेगळी होती. एसटीचं जायचं-यायचं भाडं वाया. तुम्हाला पेन ड्राइव्हवर आणायची असेल तर आधी आपल्या पायथॉनची आवृत्ती आणि ते ३२ बिटचं आहे की ६४ बिटचं, हे कागदावर लिहून न्या.

पुढची अडचण पत्त्याची. फोटोंच्या फोल्डरला मी इंग्रजीत 'ट्रॅप' नाव दिलं होतं. विंडोजच्या पत्त्यात फोल्डरच्या नावाआधी उलटी तिरपी रेघ येते. रेघ आणि तिला लागून टी हे अक्षर दिसलं की पायथॉन त्याचा अर्थ टॅब असा घेतो. झालं, माझ्या पत्त्याच्या मधोमध एक मोकळी जागा, आणि फाइल सापडत नाही म्हणून ओरड. फोल्डरचं नाव इंग्रजीत पी-ने सुरू होणारं 'फोटो' ठेवलं असतं तर ही चूक कदाचित कळलीच नसती, कारण रेघ आणि पी यांना असा खास अर्थ नाही. अवतरणचिन्हाआधी आर लिहा किंवा सरळ तिरपी रेघ वापरा. विंडोजवर पायथॉनला ती चालते.

आता मुख्य गोष्ट. पाच ओळींत फोटो दिसायला लागला, म्हणून मी त्या ओळी एका फंक्शनमध्ये टाकल्या, म्हणजे एंटर दाबल्यावर तेच फंक्शन पुढचा फोटो दाखवेल. चालवलं. खिडकी उघडली, योग्य मापाची उघडली, पण आत नुसता करडा रंग. लाल अक्षरं नाहीत, तक्रार नाही. पत्ता तपासला, बरोबर. फाइल तपासली, बरोबर. त्याच ओळी फंक्शनच्या बाहेर काढल्या की फोटो दिसतो, आत घातल्या की नाही. चार दिवस गेले. आई म्हणाली, "त्या रिकाम्या डब्यात एवढं काय पाहून राहिली वं?"

कारण कळलं ते त्या दोन घरांमुळे. तुम्ही लेबलला फोटो देता तेव्हा टीकेकडे फक्त फोटोचं नाव जातं, 'पायइमेज१' असं काहीतरी. खरी वस्तू राहते पायथॉनच्या घरात, आणि फंक्शनच्या आत तयार झालेली वस्तू फंक्शन संपलं की पायथॉन काढून टाकतो, कारण तिला धरून ठेवणारं कोणी उरलेलं नसतं. वस्तू गेली की टीकेकडचं चित्रही पुसलं जातं. बाजार समितीत काटा पावती हातात आहे आणि कापसाची गाडी फाटकाबाहेर निघून गेली, तसं. खिडकीचं माप बरोबर होतं कारण ते पावतीवर आधीच लिहून झालं होतं.

उपाय एका ओळीचा. फोटो तयार झाला की तो लेबलच्याच अंगावर कुठेतरी बांधून ठेवायचा, म्हणजे लेबल डॉट फोटो बरोबर फोटो असं लिहायचं. लेबल जिवंत तोवर फोटो जिवंत. टीकिंटर शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे एकदा भोवतं. मुलाखतीला आलेल्याने खरंच हातांनी काम केलंय की व्हिडिओ बघितलेत, हे ओळखायला माझ्या मते हा एक प्रश्न पुरे.

मी मात्र धडा जरा जास्तच घेतला. फोटो मरतात काय, मग सगळेच एका यादीत धरून ठेवते! सहाशे फोटो उघडायला लावले आणि लॅपटॉप थिजला. हिशेब मग वहीत केला. ४००० बाय ३००० चा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असा एकेक बाइट, म्हणजे ३ कोटी ६० लाख बाइट. डिस्कवर हीच फाइल चारेक एमबीची दिसते, कारण तिथे ती दाबून भरलेली असते. उघडली की कापसाच्या गाठीसारखी फुगते. असे सहाशे म्हणजे २१ जीबीच्या वर. माझ्याकडे रॅम ४ जीबी. समोर दिसतोय तो फोटो धरा, आधीचा सोडून द्या.

फोटो लहान करायला पिलोत दोन वाटा आहेत. रिसाइझ तुम्ही सांगाल त्या मापात कोंबतो; लांबी-रुंदीचं प्रमाण चुकलं तर पतंग चपटे दिसतात. थंबनेल प्रमाण राखतो, पण तो मूळ वस्तूच बदलतो आणि परत काहीच देत नाही. मी 'फोटो बरोबर फोटो डॉट थंबनेल' लिहिलं आणि हातात नन, म्हणजे पायथॉनचं 'काहीच नाही', आलं. हेही सगळे एकदा करतात. जुन्या व्हिडिओंमध्ये फोटो कोणत्या पद्धतीने लहान करायचा ते सांगायला अँटीअलायस नावाचा शब्द देतात, तो २०२३ च्या पिलो १० मध्ये काढून टाकला आहे. तिथे लँक्झोस लिहा.

व्हॉट्सअॅपवर फोटो आकसून येत होते आणि पतंगांचे ठिपके एकमेकांत मिसळत होते, म्हणून भाऊंनी सगळ्यांना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं. मूळ फोटो यायला लागले आणि निम्मे माझ्या खिडकीत आडवे झाले. फोन फोटो आडवाच साठवतो आणि सोबत चिठ्ठी ठेवतो, की दाखवताना वळवून दाखवा. फोनची गॅलरी ती चिठ्ठी वाचते, पिलो सांगितल्याशिवाय वळवत नाही. इमेजऑप्समधलं एक्झिफ ट्रान्सपोज वापरलं की फोटो सरळ होतो. ते आधी करा, थंबनेल नंतर.

बाकीचं भराभर सांगते. टीकिंटरमधलं सगळं एकदम तारा (*) लावून इम्पोर्ट करू नका. त्यातही इमेज नावाचा क्लास आहे, तो पिलोच्या इमेजवर बसतो आणि मग फोटो उघडणारं ओपन सापडत नाही. दुसरी खिडकी हवी असेल तर टॉपलेव्हल वापरा. मुख्य खिडकी तयार करणारी टीकेची ओळ दोनदा चालवली की पहिल्या घराचा फोटो दुसऱ्याला ओळखू येत नाही. फोटो आपोआप पुढे सरकवायचे असतील तर स्लीप लावू नका, खिडकी गोठते. आफ्टर लावा, त्याला मिलिसेकंद सांगा, ३००० म्हणजे तीन सेकंद, आणि फंक्शनच्या नावापुढे कंस देऊ नका. आकडे सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या फाइलीत, लिहिताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) 'यूटीएफ-८-सिग' ठेवा. साधं यूटीएफ-८ ठेवलं आणि एक्सेलमध्ये उघडलं, तर शेतकऱ्यांच्या मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसली. भाऊ म्हणाले, "हे कोणाचं नाव होय बाप्पा?"

हाच प्रोग्राम घेऊन मी नागपूरला एका ठिकाणी मुलाखतीला गेले. प्रमाणपत्रांची पिशवी कोणी उघडली नाही. समोरच्यांनी त्यांचं एक फोल्डर दिलं, माझ्या खिडकीत उघडायला सांगितलं. त्यात फोटोंच्या मधे एक मजकुराची फाइल होती. माझा प्रोग्राम तिथे आपटला. फोल्डरमध्ये फोटोच असतील असं मी धरून चालले होते. त्यांनी विचारलं, दुरुस्त करता येईल का, आणि मी तिथेच ट्राय-एक्सेप्ट घालून दिलं : उघडली नाही तर सोड, पुढची घे. ती नोकरी मिळाली नाही. पुढची, फोटोंना खुणा करायचीच, तीन महिन्यांनी मिळाली. तेव्हा मी फोल्डरमध्ये मुद्दाम एक तुटकी फाइल घालून नेली होती.

सगळ्यात आधी सांगायला हवी होती ती गोष्ट शेवटी सांगते. फोटो पटापट दिसावेत म्हणून एका संध्याकाळी मी ते सगळे आधीच लहान करून ठेवायचं ठरवलं. लूप लावला, थंबनेल केलं आणि सेव्ह करताना तेच नाव, तेच फोल्डर दिलं. लक्षात येऊन थांबवेपर्यंत तीसेक मूळ फोटो बोटाच्या नखाएवढे होऊन बसले होते. पतंग मोजणं सोडा, सापळा कोणता तेही कळेना. भाऊंचा फोन भरला म्हणून त्यांनी तो आदल्याच दिवशी रिकामा केला होता. मग आम्ही दोघं घरोघर फिरलो. काहींच्या फोनमध्ये फोटो सापडले, ११ जणांकडे नाही. त्यांचे सापळे तोवर झटकून झाले होते. भाऊ काही बोलले नाहीत. त्या दिवसाच्या रकान्यात मी ११ ठिकाणी आडवी रेघ मारली.