प्रोटॉन, टार्गेट आणि पायॉन: मॉडेलवर खापर फोडण्याआधी या चुका टाळा

शनिवारी वाशीला माझ्याकडे एमएस्सी फिजिक्सची मुलं प्रकल्प घेऊन येतात. ठाण्याची, ऐरोलीची, पनवेलची. बऱ्याच जणांचा विषय एकच असतो: प्रोटॉनचा झोत अणुकेंद्रकांवर आदळला की किती पायॉन आणि केऑन (टकरीत जन्मणारे अल्पायुषी कण) बाहेर पडतात, ते जिआंट-४ या प्रोग्राममध्ये सिम्युलेट करायचं आणि सर्नच्या हार्प किंवा एनए-६१ शाइन या प्रयोगांच्या आकड्यांशी ताडून पाहायचं. विषय उत्तम आहे. आकडे हेपडेटा या संकेतस्थळावर फुकट मिळतात, साधा लॅपटॉप पुरतो आणि उत्तराला खरी किंमत आहे. जपानच्या टी-टू-के प्रयोगात न्यूट्रिनोंचा झोत पायॉन-केऑनच्या क्षयातूनच तयार होतो. उटीला ग्रेप्स-३ प्रयोगात जे म्यूऑन मोजतात, तेही हवेत वैश्विक किरणांच्या टकरीतून निघालेल्या अशाच कणांची पिल्लं.

पण आलेख पुढ्यात ठेवताच पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सर, मॉडेल चुकतंय." मॉडेल चुकतंही कधी कधी. पण तो संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा असतो. आधी समोरचा आकडा नेमका कशाचा आहे, ते बघायचं.

गतिज ऊर्जा आणि संवेग यांची गल्लत

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता आलेख उघडण्याआधी हाच प्रश्न विचारतो.

गेल्या पावसाळ्यात कळवा आणि घणसोलीच्या दोघी आल्या. टार्गेट टँटलम, झोत ३ जीईव्ही/सी, आकडे हार्पचे. त्यांचं सिम्युलेशन प्रत्येक कोनाला मोजमापाच्या वर जात होतं. त्यांनी आधी फिजिक्स लिस्ट (टकरींच्या मॉडेलांचा संच) बदलली, मग आणखी एक लावली, रात्र रात्र लॅपटॉप चालू ठेवले. शेवटी सगळ्या बिंदूंना एकाच आकड्याने गुणून रेषा खाली आणली आणि निष्कर्षात लिहिलं, की बर्टिनी मॉडेल जास्त पायॉन देतं. अहवाल बाइंडिंगला जायच्या बेतात होता.

"गन एनर्जी किती दिलीत?"

"तीन जीईव्ही."

"आणि हार्पच्या तक्त्यावर काय लिहिलंय?"

तक्त्यावर ३ जीईव्ही/सी होतं, म्हणजे संवेग. जिआंट-४ च्या पार्टिकल गनला एनर्जी म्हणून जो आकडा देतो, तो गतिज ऊर्जेचा धरला जातो. ३ जीईव्ही गतिज ऊर्जेच्या प्रोटॉनचा संवेग ३.८ जीईव्ही/सी होतो. ज्याचा संवेग ३ आहे, त्याची गतिज ऊर्जा २.२ जीईव्हीच असते. दोघींचा झोत मुळात वेगळाच होता. त्यात एफटीएफपी-बर्ट लिस्टमध्ये, अलीकडच्या आवृत्त्यांत, ३ ते ६ जीईव्हीच्या पट्ट्यात कमी ऊर्जेच्या बर्टिनी मॉडेलकडून जास्त ऊर्जेच्या एफटीएफपीकडे हस्तांतर होतं. त्यामुळे अशा गल्लतीत पुढे भलतंच मॉडेल कामाला लागू शकतं आणि शिव्या भलत्यालाच पडतात. गनला २.२ दिल्यावर बराचसा फरक गेला. मोठ्या कोनांना थोडा उरला, आणि त्यांच्या प्रकल्पाचा खरा विषय तोच होता.

झोत जितका मंद, तितकी ही चूक मोठी. टी-टू-केचे प्रोटॉन ३० जीईव्ही गतिज ऊर्जेचे, म्हणून एनए-६१ ने मोजमाप ३१ जीईव्ही/सी ला केलं. फरक तीन टक्क्यांचा. अमेरिकेतल्या मिनिबून या न्यूट्रिनो प्रयोगाचे ८ जीईव्हीचे प्रोटॉन, म्हणून हार्पने बेरिलियमवर ८.९ जीईव्ही/सी घेतलं. इथे अकरा टक्के. आणि खारघरच्या प्रोटॉन उपचार केंद्रासारख्या ठिकाणी डॉक्टर २३० एमईव्हीचा प्रोटॉन म्हणतात, ती गतिज ऊर्जा असते. त्याचा संवेग जवळपास ७०० एमईव्ही/सी, म्हणजे तिप्पट.

माझी सवय सांगतो. वहीच्या पहिल्या पानावर तीन रकाने आखायचे: संवेग, एकूण ऊर्जा, गतिज ऊर्जा. तिन्ही हाताने काढून लिहायचे. मग पहिल्याच घटनेतल्या प्रोटॉनचे तिन्ही आकडे प्रोग्रामकडून छापून घ्यायचे आणि वहीशी जुळवायचे. पाच मिनिटं लागतात. जो ही पाच मिनिटं देत नाही, त्याचा सिम्युलेशन आणि मोजमाप यांच्या गुणोत्तराचा आलेख मी बघत नाही. आणि जुळत नाही म्हणून कशानेही गुणायचं नाही. त्या गुणाकारात चूक बुजते आणि तिचा माग काढायची वाटही बंद होते.

भाजकात काय आहे?

दुसरी लाडकी चूक याहून अवघड, कारण ती करूनही आलेख सुरेख दिसतो. "दर टकरीमागे सरासरी इतके पायॉन" असं लिहितात, पण टक्कर कशाला म्हणायचं ते ठरवलेलं नसतं.

प्रोटॉन कार्बनवर आदळला की तीन प्रकार संभवतात. अणुकेंद्रक शाबूत राहून प्रोटॉन नुसता वळतो. किंवा अणुकेंद्रकातला एखादा प्रोटॉन-न्यूट्रॉन सुटतो, पण नवीन कण तयार होत नाही. किंवा खरोखर नवे कण जन्माला येतात. पहिला प्रकार वगळून उरतं ते इनइलॅस्टिक क्रॉस-सेक्शन (क्रॉस-सेक्शन म्हणजे टकरीच्या संभाव्यतेचं माप, ते मिलिबार्नमध्ये देतात). दुसराही वगळला की उरतं ते प्रॉडक्शन क्रॉस-सेक्शन. एनए-६१ च्या मोजमापात ३१ जीईव्ही/सी ला कार्बनसाठी पहिलं सुमारे २५८ मिलिबार्न आहे आणि दुसरं सुमारे २३०. म्हणजे नुसत्या भाजकाच्या व्याख्येने उत्तर बारा टक्क्यांनी हलतं. ठाण्याहून वाशीला किती टक्के माणसं जातात हे सांगताना स्टेशनात शिरलेले सगळे धरायचे की ट्रान्स-हार्बरच्या गाडीत चढलेले, तसाच हा प्रश्न आहे. दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, पण एकाचा अंश आणि दुसऱ्याचा भाजक घेऊन भागाकार करता येत नाही.

जिआंट-४ मध्ये हे हमखास घडतं, कारण इनइलॅस्टिक प्रक्रिया झाली की विद्यार्थी ती टक्कर मोजतात आणि शेजारी मांडतात प्रॉडक्शनने भागलेले आकडे. मी दर टकरीमागची सरासरी शक्यतो वापरतच नाही. मिलिबार्नमध्येच तुलना करतो: झोतातले प्रोटॉन, टार्गेटमधले दर चौरस सेंटीमीटरमागचे अणू आणि मोजलेले पायॉन. २ सेंटीमीटर जाडीच्या, १.८४ घनतेच्या ग्रॅफाइटमध्ये दर चौरस सेंटीमीटरला ३.६८ ग्रॅम कार्बन येतो. अणूंची संख्या तिथून कोणीही काढेल. टक्कर कशाला म्हणायचं हा वादच तिथे उरत नाही.

याच घरातली आणखी एक चूक: हार्पच्या मोठ्या कोनांच्या तक्त्यांत उत्तर दर रेडियनला दिलेलं आहे, पुढच्या कोनांच्या तक्त्यांत दर स्टेरेडियनला. मधला गुणक दोन पाय (2π) गुणिले कोनाची साइन. ०.३५ रेडियनला तो सव्वादोनच्या जरा खाली असतो, काटकोनाला सव्वासहाच्या वर. तो विसरलात तर कोनाबरोबर बदलणारा फरक दिसतो आणि त्यात भौतिकशास्त्र शोधण्यात उन्हाळी सुट्टी जाते.

जड टार्गेट, जाड टार्गेट

"पाच टक्के जाडीचं टार्गेट पातळच की" असं म्हणून शिशाला बेरिलियमसारखं वागवू नका. पाच टक्के आहेत ते अणुकेंद्रकीय टकरीच्या लांबीचे, म्हणजे इनइलॅस्टिक टक्कर होण्याआधी प्रोटॉन सरासरी जितका जातो त्या अंतराचे. बेरिलियममध्ये ते २.१ सेंटीमीटर होतात. तिथे रेडिएशन लेंग्थ (इलेक्ट्रॉन-फोटॉन पदार्थात किती अंतरात अडकतात त्याचं माप) ३५ सेंटीमीटर असल्याने फोटॉन बहुधा निसटतात. शिशात ते जेमतेम ९ मिलिमीटर, पण रेडिएशन लेंग्थ अवघी साडेपाच मिलिमीटर. उदासीन पायॉनच्या क्षयातले फोटॉन टार्गेटमध्येच इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन होतात, आणि कमी संवेगाला ऋण कण सरसकट पायॉन धरले तर त्यात इलेक्ट्रॉनांची भर पडते.

टी-टू-केचं ग्रॅफाइट टार्गेट ९० सेंटीमीटर लांब, म्हणजे जवळपास दोन टक्कर-लांबी. पातळ टार्गेटचं उत्तर लांबीने गुणून तिथलं उत्तर मिळत नाही, कारण बाहेर पडलेले कण पुन्हा आदळतात. एनए-६१ ने टार्गेटची हुबेहूब प्रतिकृती झोतात ठेवून वेगळं मोजमाप केलं, ते यासाठीच.

बाकीच्या चुका थोडक्यात

लॅम्डा आणि के-शॉर्ट या अल्पायुषी कणांच्या क्षयातले पायॉन मोजमापातून वजा केलेले आहेत की नाहीत, ते प्रत्येक शोधनिबंधात वाचा. सिम्युलेशनमध्ये तेच करा.

टार्गेट काढून घेतलेल्या मोजमापाची धाव (एम्प्टी-टार्गेट रन) कंटाळवाणी असते, पण ती टाळू नका. खिडक्या आणि हवा यांच्यातही टकरी होतात.

झोत प्रोटॉनचाच आहे हे गृहीत धरू नका. एनए-६१ च्या ३१ जीईव्ही/सी च्या झोतात बहुतेक पायॉन असतात आणि प्रोटॉन साधारण सातांत एक. ते चेरेन्कोव्ह काउंटरने निवडावे लागतात.

कण ओळखताना उड्डाणवेळेची (ठरावीक अंतर कापायला लागलेल्या वेळेची) एकच सीमारेषा सगळ्या संवेगांना लावू नका. १० मीटरांत पायॉन आणि प्रोटॉन यांच्यातलं अंतर ३ जीईव्ही/सी ला दीड नॅनोसेकंद असतं, ६ ला फक्त ०.४. नवख्याने ऋण पायॉनपासून सुरुवात करावी, कारण तिथे प्रोटॉनांची भेसळ नसते. धन पायॉन नंतर.

बिंदू बिनच्या (संवेगाच्या किंवा कोनाच्या एका पट्ट्याच्या) मध्यावर ठेवताना वक्र झपाट्याने उतरत असेल तर सिम्युलेशनची किंमतही त्याच बिनमध्ये सरासरी काढूनच घ्या.

आणि तक्त्यातली सामान्यीकरणाची अनिश्चितता सगळ्या बिंदूंना एकत्र वर-खाली नेते. ती प्रत्येक बिंदूच्या अनिश्चिततेत वर्गाने मिसळून काय-स्क्वेअर (χ²) काढलात, तर तो छान येईल आणि त्याला काही अर्थ नसेल. ती वेगळा मुक्त घटक म्हणून फिटमध्ये ठेवा.