गोव्याच्या तळ्यांत मरळ कसा गरवावा (गळाने धरावा): ऋतूप्रमाणे गरीची दिशा

मोबाईलवर अमेरिकेतली बास मासेमारी पाहून अनेक तरुण मला विचारतात, असला मासा आपल्याकडे कुठे मिळेल? तो लार्जमाउथ बास आपल्या तळ्यांत नाही. पण त्याच्यासारखाच शेवाळात दबा धरणारा, पाण्यावरच्या बेडकावर झेप घेणारा मासा प्रत्येक गावच्या तळीत आहे. तो म्हणजे मरळ. बासची दांडी, रीळ आणि रबरी बेडूक मरळाला जसेच्या तसे चालतात. त्यांचे वेळापत्रक मात्र चालत नाही. तिकडे वसंतात पाणी १५ ते २० अंशांपर्यंत तापले की बास अंडी घालायला उथळात येतो. आपल्याकडे मरळाला उठवतो तो पाऊस. म्हणून सामान त्यांचे घ्यावे, पंचांग आपले.

आधी विचारा, मग नुसते बघा

तळे कोणाचे आहे, हे आधी कळायला हवे. काही कोमुनिदादीचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचे असते, काही पंचायतीच्या देखरेखीखाली. साळावली किंवा अंजुणेसारख्या धरणांवर परवानगीशिवाय उतरू नये. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतजमिनीतल्या) मानशीवर, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारावर, तर मासे धरण्याचा हक्क लिलावाने दिलेला असतो. तिथे गरी टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणे.

पहिल्या दिवशी गरी घरीच ठेवा. उजाडताना काठावर तासभर बसा. मरळाला कल्ल्यांखेरीज डोक्यात हवा घेण्याची वेगळी पोकळी असते, त्यामुळे त्याला अधूनमधून वर यावेच लागते. कमळाच्या किंवा शेवाळाच्या कडेला ‘बुळूक’ असा आवाज होतो आणि एक गोल लाट सुटते. लहान मासळीच्या खळबळीपेक्षा ती वेगळी दिसते. एकदा ओळखायला शिकलात की विसरणार नाही. दर वेळी साधारण त्याच कोपऱ्यात लाट उठत असेल, तर तिथे घर आहे. जागा वहीत मांडा: कोणता माड समोर, किती पावले डावीकडे. माझ्या मते अर्धे गरवणे इथेच होते, आणि घाई करणाऱ्यांचे हेच चुकते.

सामान

साडेसहा ते सात फुटांची जरा ताठ दांडी घ्या. बारीक तंगूस (नायलॉनची मासेमारीची दोरी) शेवाळात अडकून तुटतो, म्हणून ३० ते ५० पौंडांची विणलेली दोरी लावा. तिच्या टोकाला हातभर जाड तंगूस हवा, कारण मरळाचे दात बारीक पण धारदार असतात. दुहेरी गळाचा पोकळ रबरी बेडूक चार-पाच सेंटिमीटरचा पुरतो. लांब नाकाचा पक्कड हवाच.

खरा बेडूक गळाला लावू नका. बेडूक धरायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. पहिल्या पावसात बॅटऱ्या घेऊन शेतांत फिरणारे लोक आपण पाहतो. तो बेडूक भाताची कीड खातो. रबरी बेडकाने मासा कमी लागतो, असा माझा अनुभव नाही.

टाकावे कसे, ओढावे कसे

लाट दिसली त्याच जागी बेडूक आदळू नका. दोन-तीन हात पलीकडे टाका आणि लाट विरेपर्यंत थांबा. मग दांडीचे टोक खाली ठेवून दोन छोटे हिसके द्या, थांबा, पुन्हा दोन हिसके. शेवाळ संपून उघडे पाणी लागते, त्या काठावर सगळ्यात जास्त वेळ थांबा. मरळ बहुधा तिथेच झडप घालतो.

पाणी उसळले की हात आपोआप वर जातो. तो आवरा. मनात ‘एक, दोन’ म्हणा, दोरी ताणली जाऊ द्या, आणि मगच जोरात ओढा. आधी ओढलेत तर बेडूक रिकामा उडून तुमच्या अंगावर येईल. मासा लागला की सैल सोडू नका. तो शेवाळात शिरून गुंडाळतो आणि मग दोन्ही हातांनी ओढूनही निघत नाही.

दसरा ते तुळशीचे लग्न

मरळासाठी हाच खरा हंगाम. तळी काठोकाठ, पाणी निवळलेले, सरदाचे (पावसाळी) भात कापणीला आलेले. पिल्ले सांभाळून भुकेजलेले मासे पुन्हा खाऊ लागतात. सकाळी सहा ते साडेआठ आणि ऊन उतरल्यावर जा. ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारी नुसते घामाघूम व्हाल.

थंडी

डिसेंबर-जानेवारीत पहाटेपेक्षा नऊनंतर, काठचे उथळ पाणी जरा उबले की जावे. बेडूक आणखी सावकाश ओढावा. दिवस रिकामा जायला लागला तर कणीक आणि शेंगदाण्याच्या पेंडीचा गोळा तळाशी सोडून कटला-रोहूची वाट पाहावी. त्यात मजा वेगळी, पण मजा आहे.

याच दिवसांत करमळीच्या तळ्यावर आणि कुडचड्याजवळच्या नंदा तळ्यावर दूरदेशीची बदके उतरतात. नंदा तळे २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. अशा जागी गरी नेऊ नये. तुटलेला तंगूस पक्ष्याच्या पायाला गुंडाळला की तो सुटत नाही. इतरत्रही तुटलेला प्रत्येक तुकडा खिशात घालून आणा.

मार्च ते मे

वायंगणाला (उन्हाळी भाताला) पाणी सोडले जाते, तळे आटत जाते आणि सगळे मासे उरलेल्या डबक्यात एकवटतात. आता कोणालाही मासा मिळतो. नेमके तेव्हाच हात आखडावा. मी या दिवसांत एक मासा घरी नेतो, बाकी सोडतो. पुढच्या पावसात अंडी घालणारे हेच असतात. ओल्या चिखलात दबून तग धरायची ताकद मरळात आहे, पण सगळेच उपसून नेले तर तग धरायला उरणार कोण? सोडायचा मासा ओल्या हाताने धरा, गळ पक्कडीने काढा आणि कोरड्या मातीवर टाकू नका.

धरणाच्या आणि नदीच्या काठी मगरीचे भान ठेवा. गुडघाभर पाण्यात उभे राहून गरवू नये, कितीही ओळखीची जागा असो.

पावसाळा: गरी खुंटीला

जूनमध्ये चढण सुरू होते. शेतात पाणी भरले की मासे ओहोळातून उथळात येतात. मरळाची जोडी शेवाळ बाजूला सारून जागा करते, अंडी पाण्यावर तरंगतात आणि एक-दोन दिवसांत फुटतात. मग दिसतो तो केशरी पिल्लांचा पुंजका, मूठभर शेवंती पाण्यावर सांडावी तसा. त्याच्या खाली आई-बाप असतात. पुंजक्यावर काहीही पडले की ते भुकेने नव्हे, रागाने झडप घालतात. म्हणूनच कित्येक जण मुद्दाम पुंजका शोधून त्यावर बेडूक टाकतात. मीही पूर्वी असे केले आहे. मोठा मासा मिळाला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी गेलो, तर पुंजका नव्हता. राखणदार उचलला की बाकीचे मासे पिल्ले खाऊन टाकतात.

१ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, बाजारात मासळी महाग होते आणि लोकांची नजर तळ्यांकडे वळते. तरीही मरळावर गरी टाकू नका. केशरी रंग जाऊन पिल्ले काळपट झाली आणि पुंजका फुटला की राखण संपली असे समजा. चतुर्थी आटोपली की गंजलेले गळ दगडावर घासायला घ्या, दोरीचा झिजलेला वावभर तुकडा कापून टाका आणि वहीतल्या खुणा पुन्हा वाचा. पाणी निवळायला अजून थोडे दिवस असतात.