दोरी आणि दगड घेऊन पृथ्वीच्या पोटात कसं शिरायचं

कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना मी पदार्थविज्ञान आणि भूविज्ञानाची तोंडओळख करून देते. एककं, सदिश, न्यूटनचे नियम या ठरलेल्या क्रमाने मी जात नाही. पहिल्याच तासाला एक प्रश्न फळ्यावर लिहिते: पृथ्वीच्या पोटात काय आहे?

माणसाने खणलेलं सर्वांत खोल भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे. ते १२ किलोमीटरच्या जरा पुढे जाऊन थांबलं. पृथ्वीचं केंद्र ६,३७० किलोमीटर खोल आहे, म्हणजे आत जाऊन बघणं हा मार्गच नाही. तरीही दोरी, दगड, मोजपट्टी, फोनमधलं स्टॉपवॉच आणि एक डिजिटल वजनकाटा एवढ्या सामानावर या प्रश्नात बरंच आत शिरता येतं. वाटेत जे पदार्थविज्ञान लागेल ते लागेल तेव्हा शिकायचं. सूत्रांची भीती घेऊन आलेल्या मुलांना मी हीच वाट सांगते, कारण इथे प्रत्येक सूत्र कशासाठी हवंय ते आधी ठाऊक असतं.

सुरुवात दोलकापासून करा. दगडाला दोरी बांधून ती दाराच्या चौकटीला किंवा पक्क्या खिळ्याला टांगा. टांगलेल्या बिंदूपासून दगडाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर भरलं पाहिजे. नुसती दोरी मोजून चालत नाही. दगड १० ते १५ सेंटिमीटर बाजूला ओढा आणि धक्का न देता सोडा. जास्त ओढलात तर खाली दिलेला हिशेब नीट लागू पडत नाही. दगड एका टोकाहून निघून पुन्हा तिथेच आला की एक आंदोलन. अशी २० आंदोलनं सलग मोजा, वेळ साधारण ४० सेकंद येईल. तिला २० ने भागलं की आंदोलनकाल मिळतो. आता लांबीला ३९.५ ने गुणा आणि आंदोलनकालाच्या वर्गाने भागा. (३९.५ म्हणजे पायच्या, म्हणजे π किंवा ३.१४ च्या, वर्गाची चौपट.) उत्तर ९.८ च्या जवळ यायला हवं. हे गुरुत्वीय त्वरण: मोकळ्या सोडलेल्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद एवढा वाढतो. मग दुप्पट जड दगड बांधून बघा. आंदोलनकाल बदलत नाही. हे नुसतं वाचू नका, करून बघा.

एकच आंदोलन न मोजता २० का? इथे मी मुद्दाम थांबते, कारण सगळ्या विज्ञानातली मला सर्वांत मोलाची वाटणारी सवय इथे लागते. डोळ्याने बघून बोटाने बटण दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग सहज इकडेतिकडे होतो. दोन सेकंदांचं एक आंदोलन मोजलं तर ही चूक १० टक्क्यांची झाली, आणि आंदोलनकालाचा वर्ग करायचा असल्यामुळे त्वरणात ती २० टक्के होते. ४० सेकंदांत तीच चूक अर्धा टक्का, त्वरणात एक टक्का. घड्याळ तेच, बोट तेच. मोजण्याच्या पद्धतीने अचूकता वीसपट वाढली. म्हणून वहीत नुसतं ९.८ लिहू नका. ९.८ लिहा आणि शेजारी किती चुकलेलं असू शकतं तेही लिहा.

अचूक मोजलं की काय काय दिसू लागतं बघा. १६७२ मध्ये झां रिशे हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेले. पॅरिसमध्ये बरोबर चालणारं त्यांचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. तिथे गुरुत्वीय त्वरण किंचित कमी आहे. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आणि ध्रुवांपाशी चपटी आहे, या आपल्या निष्कर्षाच्या बाजूने न्यूटनने हा पुरावा मांडला.

पुढची पायरी पृथ्वीची त्रिज्या. दक्षिणोत्तर काहीशे किलोमीटर दूर राहणारा मित्र शोधा. एकाच दिवशी दोघांनी सपाट जमिनीवर एक-एक मीटरची काठी उभी करायची. काठी सरळ उभी आहे की नाही ते दोरी-दगडाच्या ओळंब्याने तपासा. घड्याळातले बारा धरून बसू नका. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करत राहा. सावली आखडत जाऊन पुन्हा वाढायला लागली की त्यातली सर्वांत आखूड सावली तुमची. टोक अंधुक दिसतं, कारण सूर्य ठिपका नाही, आकाशात त्याची रुंदी अर्ध्या अंशाची आहे. म्हणून त्या अंधुक पट्ट्याच्या मध्यावर खूण करा. सावलीची लांबी भागिले काठीची उंची, आणि त्यावर कॅल्क्युलेटरमधलं उलटं टॅन (tan⁻¹) वापरलं की सूर्याचा कोन मिळतो. दोघांच्या कोनांची वजाबाकी करा. एकाची सावली उत्तरेला आणि दुसऱ्याची दक्षिणेला पडली असेल तर मात्र बेरीज करायची. तुमच्यामधलं दक्षिणोत्तर अंतर नकाशावरून काढा. पूर्व-पश्चिम अंतर धरू नका. त्या अंतराला ३६० ने गुणून कोनाने भागलं की पृथ्वीचा परीघ हातात येतो. इरॅटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया आणि सायनी या शहरांवरून हेच केलं होतं. त्याला कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग मिळाला होता. तुमचं उत्तर ४०,००० किलोमीटरच्या दहा टक्के अलीकडे-पलीकडे आलं तरी पुढचं काम भागतं. परिघाला ६.२८ ने भागलं की त्रिज्या.

तिसरा आकडा घरी काढता येणार नाही, तो हेन्री कॅव्हेंडिशकडून घ्यायचा. १७९७-९८ मध्ये त्याने तारेला टांगलेल्या आडव्या दांडीच्या टोकांना शिशाचे छोटे गोळे लावले आणि प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे दोन मोठे गोळे त्यांच्याजवळ आणले. छोटे गोळे किंचित ओढले गेले. हे ओढणं इतकं सूक्ष्म होतं की अंगाच्या उष्णतेने हवा हलू नये म्हणून तो खोलीबाहेरून दुर्बिणीने बघत असे. दोन वस्तूंमधलं गुरुत्वाकर्षण खोलीतल्या खोलीत मोजता येतं, हे मला आजही वर्गात सांगताना थरारून टाकतं. त्या मापातून आज आपण जो गुरुत्व स्थिरांक (वस्तू एकमेकींना किती जोराने ओढतात ते सांगणारा आकडा) काढतो तो ६.६७ भागिले १० चा ११ वा घात इतका आहे.

आता तिन्ही आकडे एकत्र आणा. त्वरणाला ३ ने गुणा: २९.४. मग ४, पाय, गुरुत्व स्थिरांक आणि मीटरमधली त्रिज्या, म्हणजे ६३,७०,०००, यांचा गुणाकार करा: सुमारे ०.००५३४. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ५,५०० च्या आसपास येतं. ही पृथ्वीची सरासरी घनता आहे, दर घनमीटरला एवढे किलो. एककंही कागदावर मांडून काटाकाटी करून बघा. शेवटी किलो आणि घनमीटर एवढेच उरले तर सूत्र बरोबर लिहिलंय. पाण्याची घनता १,००० आहे, म्हणून पृथ्वीची घनता पाण्याच्या साडेपाचपट. कॅव्हेंडिशने स्वतः ५.४८ पट असं छापलं होतं, आजचा आकडा ५.५१ आहे.

राहिला दगड. आधी तो काट्यावर कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा आणि दोरीला बांधलेला दगड पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर दगडाचं आकारमान. पाणी दगडाला जेवढ्या बलाने वर ढकलतं तेवढ्याच बलाने दगड पाण्याला खाली ढकलतो. आर्किमिडीज आणि न्यूटनचा तिसरा नियम इथे एकत्र भेटतात. दगडाचं वस्तुमान आकारमानाने भागा. येणारा आकडा म्हणजे दगडाची घनता पाण्याच्या किती पट ते: ग्रॅनाइट असेल तर २.७ च्या आसपास, बेसाल्ट असेल तर ३ च्या जवळ.

पायाखालचा खडक ३ च्या आतबाहेर आणि अख्ख्या पृथ्वीची सरासरी ५.५. तुमची मापं दहा टक्क्यांनी चुकली असली तरी ही तफावत बुजत नाही, म्हणून निष्कर्षावर भरवसा ठेवता येतो: आत काहीतरी फार जड आहे. वर्गात कुणीतरी हमखास विचारतं की दाबाने खडकच घट्ट झाला असेल तर? शंका चांगली आहे आणि थोडी खरीही. पण प्रावरणाच्या, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या जाड थराच्या, तळाशी, २,९०० किलोमीटर खोलीच्या दाबाखालीसुद्धा खडकाची घनता ५.६ च्या आसपासच पोहोचते. प्रावरणात बाकी सगळीकडे ती त्याहून कमी. तेव्हा सरासरी ५.५ भरायला केंद्राकडे याहून पुष्कळ जड पदार्थ हवा. लोखंड त्या जागी बसतं. उल्कांमध्येही ते मुबलक सापडतं.

यापुढचा पुरावा भूकंपलहरींचा. रिचर्ड ओल्डहॅमने १९०६ मध्ये लहरींच्या पोहोचण्याच्या वेळांवरून पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचं दाखवलं. आडव्या हेलकाव्याने जाणाऱ्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत आणि त्या या गाभ्यातून पलीकडे पोहोचत नाहीत, म्हणून गाभ्याचा बाहेरचा भाग द्रव. इंगे लेमान या डॅनिश विदुषीने १९३६ मध्ये त्याच्याही आत आणखी एक गाभा असल्याचं ओळखलं. तो घन आहे.

आता हाच हिशेब चंद्रासाठी मांडा: त्वरण १.६२, त्रिज्या १,७३७ किलोमीटर. उत्तर ३,३०० च्या आसपास येतं, म्हणजे पाण्याच्या ३.३ पट, जवळजवळ खडकाइतकंच. चंद्राचा लोखंडी गाभा लहान आहे हे तुम्हाला वहीतच कळलं. मंगळासाठी ३.७१ आणि ३,३९० घ्या, ३,९०० च्या आसपास, म्हणजे ३.९ पट मिळेल. उत्तर भलतंच आलं तर आधी किलोमीटरचे मीटर केलेत का ते बघा.