कॉल साइन (रेडिओवर विमानाचं ओळखीचं नाव) बोलायचं कसं, आरटीआरवाल्यांसाठी, म्हणजे विमानाच्या रेडिओ परवान्याची तयारी करणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा माईक हातात आला की बरेच जण घाईत आधी स्वतःचंच नाव सांगून मोकळे होतात. उलटं आहे ते. पहिल्या कॉलला ज्याला हाक मारताय त्याचं नाव आधी, मग आपलं. आणि बटण दाबल्या दाबल्या तोंड उघडू नका, क्षणभर थांबा, नाहीतर पहिला शब्द कापला जातो.

आपल्याकडे रजिस्टर झालेल्या विमानांचा नंबर व्हीटीने सुरू होतो आणि ट्रेनिंगच्या छोट्या विमानाचं कॉल साइन म्हणजे तोच नंबर. समजा व्हीटी-एबीसी, तर प्रत्येक अक्षराला ठरलेला शब्द वापरून म्हणायचं 'व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली', पूर्ण. नंतर टॉवरने (विमानतळावरच्या कंट्रोलरने) 'व्हिक्टर ब्राव्हो चार्ली' म्हटलं की मग तुम्हीही तेवढंच म्हणा, पण छोटं करायचा मान टॉवरचा, आपण आधी करायचं नाही. मी एकदा शहाणपणा करून आधीच छोटं केलं, तेव्हा सर्किटमधे (धावपट्टीभोवतीच्या फेरीत) शेवटची दोन अक्षरं सेम असलेलं दुसरं विमान होतं आणि माझ्या क्लिअरन्सला (टॉवरच्या परवानगीला) रीडबॅक, म्हणजे ऐकलेलं परत म्हणून दाखवणं, त्याने दिला. उतरल्यावर इन्स्ट्रक्टर सरांनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही 😅

रीडबॅकला मात्र कॉल साइन शेवटी: 'होल्डिंग शॉर्ट रनवे टू टू, व्हिक्टर ब्राव्हो चार्ली' (म्हणजे धावपट्टी २२ च्या अलीकडे थांबतोय).

एअरलाइनचं वेगळं असतं, तिथे ठरलेलं नाव आणि फ्लाइट नंबर, त्याला छोटं रूप नाही. इंडिगो रेडिओवर 'आयफ्लाय' असते, ब्रिटिश एअरवेज 'स्पीडबर्ड', ते नाव इम्पिरियल एअरवेजच्या १९३२ च्या पक्ष्याच्या चिन्हावरून आलंय. लंडनहून मुंबईला येणारी १३९ म्हणजे 'स्पीडबर्ड वन थ्री नायनर', वन थर्टी नाइन नाही. नऊला नायनर, कारण खरखरीत नाइन आणि फाइव्ह सारखेच वाटतात.

सराव कसा करायचा? रस्त्यावरच्या नंबर प्लेटा वाचा. एमएच १२ दिसलं की 'माईक होटेल वन टू', पुढची अक्षरंपण तशीच, सिग्नल सुटायच्या आत. मी एसटीत बसून मोठ्याने करायचो, शेजारचे काका जागा बदलून बसले एकदा. आणि विमानात बसलात की पॅनलवरचा नंबर बघून नीबोर्डवर (मांडीला बांधायच्या लिहिण्याच्या पॅडवर) मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण काल दुसऱ्या विमानात उडालेले असता आणि तोंडात कालचंच बसलेलं असतं.

कॉल आपल्यालाच होता का अशी शंका आली तर अंदाजाने उत्तर देऊ नका, टॉवर पुन्हा बोलावेल किंवा तुम्ही सरळ विचारा.