रविवारी स्क्रिप्ट दुरुस्त करायला बसण्याआधी

ठाण्यात, विशेषतः नौपाडा-पाचपाखाडीच्या सोसायट्यांत, एखाद्या सेक्रेटरीच्या घरी हे चित्र सहज दिसेल: हॉलमध्ये डेस्कटॉप, पोरांच्या खोलीत विंडोज ११ चा लॅपटॉप, आणि सामायिक फोल्डरमध्ये मेंटेनन्सच्या पावत्या काढणारी छोटीशी पॉवरशेल स्क्रिप्ट (विंडोजच्या पॉवरशेल या साधनाने ओळीमागून ओळ चालवायच्या आज्ञांची फाइल). हॉलमध्ये ती बिनबोभाट चालते, खोलीत उघडली की लाल अक्षरांचा पाऊस. घरातला पहिला सल्ला ठरलेला, "राउटर बंद करून चालू करा." तो आधी बाजूला ठेवा. पॉवरशेल पहिली ओळ चालवण्याआधी अख्खी फाइल वाचून तिचं व्याकरण तपासतं. अमुक ओळीत, तमुक अक्षरापाशी चूक आहे असं ते सांगत असेल, तर फाइल त्या मशीनपर्यंत पोचलेलीच आहे.

बसण्याआधी चूक दाखवणारा संदेश पूर्ण कॉपी करून घ्या. व्हॉट्सअॅपवर आलेला स्क्रीनचा तिरका फोटो कामाचा नाही, त्यात अवतरणचिन्ह सरळ आहे की वाकडं हे कळत नाही, आणि पुष्कळदा तेच कळायला हवं असतं. जुनी व्हीबीस्क्रिप्ट (पॉवरशेलच्या आधीची विंडोजची स्क्रिप्ट-भाषा) असेल तर संदेशाच्या खिडकीतली 'सोर्स'ची ओळ वाचा. तिथे 'कंपायलेशन एरर' असेल तर फाइलमधला मजकूर तपासायचा. 'रनटाइम एरर' आणि वर 'परमिशन डिनाइड' किंवा 'पाथ नॉट फाउंड' असेल, तरच शेअरिंग, पासवर्ड आणि केबलकडे वळायचं.

मग फाइल वेगळी आहे की मशीन, याचा निकाल लावा. दोन्हीकडे गेट-फाइलहॅश (Get-FileHash) ही फाइलच्या मजकुरावरून ओळख-आकडा काढणारी आज्ञा चालवा. आकडे जुळले नाहीत तर कुणीतरी जुनी प्रत डेस्कटॉपवर ठेवून तीच चालवतंय, विषय संपला. जुळले तर फाइल तीच आहे आणि वाचणारा वेगळा आहे. म्हणून दोन्हीकडच्या पॉवरशेलची आवृत्ती कागदावर लिहा. विंडोज ११ सोबतसुद्धा ५.१ च येतं. ७ वेगळं टाकावं लागतं आणि ते ५.१ च्या शेजारी राहतं, त्याची जागा घेत नाही. दोन आज्ञा && ने जोडलेली ओळ ७ ला चालते, ५.१ तिथेच अडतं.

मराठी घरांत मात्र माझा पहिला संशय एन्कोडिंगवर, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये कोणत्या आकड्यांत (बाइटमध्ये) साठवली यावर, असतो. ७ मध्ये बॉम (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंग सांगणारी खूण) नसलेली फाइल यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांसाठीचं एन्कोडिंग) समजून वाचली जाते. ५.१ तीच फाइल विंडोजच्या जुन्या कोडपेजने (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर याच्या तक्त्याने) वाचतं, आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर सहसा १२५२ ने. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं. 'ऑ'चा तिसरा बाइट १२५२ मध्ये वाकडं एकेरी अवतरणचिन्ह ठरतो, आणि पॉवरशेल वाकड्या चिन्हालाही अवतरणचिन्हच मानतं. परिणामी एकेरी अवतरणात लिहिलेला 'जुलै' निभावतो (पावतीवर कचरा छापला जाईल, पण स्क्रिप्ट चालेल) आणि 'ऑगस्ट' पहिल्याच अक्षराला बंद होतो. मग शेवटचं चिन्ह नवी स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) उघडतं आणि तक्रार येते की स्ट्रिंग मिटलेलीच नाही. अनुस्वार आणि दीर्घ ऊकार यांचंही तेच. दुहेरी अवतरणात 'ओ' आणि 'औ' असाच घात करतात. महिनाभर नीट चाललेली स्क्रिप्ट नेमकी १ ऑगस्टला का मोडली, याचं उत्तर पंचांगात शोधू नका.

उपाय सोपा आहे: नोटपॅडच्या 'सेव्ह अॅज'मध्ये 'यूटीएफ-८ विथ बॉम' निवडा, मग ५.१ आणि ७ दोन्ही खूश. व्हीबीस्क्रिप्टला मात्र हा उपाय लावू नका. तिला यूटीएफ-८ कळत नाही, बॉम दिसला की पहिल्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर ८००ए०४०८, म्हणजे अवैध अक्षर. तिथे यूटीएफ-१६ एलई हे एन्कोडिंग निवडा. आणि फाइल उघडून बघण्यापुरतीही वर्डमध्ये नेऊ नका.

बाकी किरकोळ. 'रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड' हा संदेश एक्झिक्युशन पॉलिसीचा (स्क्रिप्ट चालू द्यायच्या की नाही हे ठरवणाऱ्या पॉवरशेलच्या सेटिंगचा) आहे, मजकुरात काही शोधू नका. फोल्डर आयपी आकड्याने उघडला असेल तर संगणकाच्या नावाने उघडून बघा, आकड्याचा पत्ता विंडोज बाहेरचा समजू शकतं. सामायिक फोल्डरला जोडलेला झेड ड्राइव्ह अॅडमिनिस्ट्रेटर खिडकीत बहुधा दिसणार नाही. महावितरणची वीज गेली तर राउटर इन्व्हर्टरवर हवा, पण इंटरनेट नसलं तरी घरातल्या घरात हे काम होतं. चालणाऱ्या फाइलची एक प्रत तारखेसह पेनड्राइव्हवर घ्या, आणि दुरुस्तीनंतर चाचणी दोन्ही मशीनवर 'ऑगस्ट' आणि 'डिसेंबर' या दोन शब्दांनी करा.