स्मार्ट कार्ड रीडरच्या कर्नल ड्रायव्हरचा इंटरफेस कसा ठरवायचा

पहिलं म्हणजे कर्नल ड्रायव्हर खरंच लागतोय का ते बघा. रीडर यूएसबीवरचा आणि सीसीआयडी (यूएसबी रीडरसाठीचं प्रमाण) पाळणारा असेल तर लिनक्सवर पीसीएससीडी ही सेवा आणि लिबसीसीआयडी हा तिचा ड्रायव्हर मिळून ते काम यूजरस्पेसमधूनच, म्हणजे कर्नलच्या बाहेरूनच, करतात, उगाच कर्नलमध्ये शिरू नका. पण रीडर थेट चिपवरच असेल, रजिस्टर आणि इंटरप्ट आपल्यालाच सांभाळायचे असतील, तर इंटरफेस आधी कागदावर मांडा. आतला कोड कधीही बदलता येतो, पण एकदा लोकांची ॲप्स त्या आयओसीटीएलवर (ॲप ड्रायव्हरला जे कॉल करतं त्यांवर) उभी राहिली की तिथे हात लावता येत नाही.

कॅरेक्टर डिव्हाइस (ॲपला फाइलसारखं उघडता येणारं) घ्या आणि मोजकेच कॉल ठेवा: पॉवर चालू-बंद, रीसेट, पॅरामीटर सेट करणं, आणि डेटा पाठवून उत्तर घेणं. कार्ड आत गेलं, बाहेर आलं हे पोल या सिस्टम कॉलमधून कळू द्या. रीसेटनंतर येणारा एटीआर, म्हणजे कार्डाचं पहिलं उत्तर, जास्तीत जास्त ३३ बाइटचा असतो, तो आहे तसा वर द्या. टी=० या कार्ड प्रोटोकॉलमध्ये कार्ड हेक्स ६० हा बाइट पाठवून अजून थांबा असं सांगतं, आरएसए की (सहीसाठीची किल्ली) कार्डवरच बनत असेल तर हे बराच वेळ चालतं, त्यामुळे पूर्ण कमांडला एकच ठोक टाइमआउट लावू नका, दर वेळी ६० हा बाइट आला की घड्याळ परत सुरू करा आणि हे ड्रायव्हरमध्येच करा. ६१ (अजून डेटा बाकी) आणि ६सी (मागितलेली लांबी चुकली) वाले स्टेटस मात्र वरच्या लायब्ररीला सांभाळू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कार्ड कधीही ओढलं जातं. समजा ॲपने पिन तपासून घेतला, आणि सही करायच्या आत कोणीतरी कार्ड काढून दुसरंच घातलं, तर ॲपला पत्ताच नाही! म्हणून कार्ड आत आलं किंवा रीसेट झालं की एक नंबर वाढवा, प्रत्येक कमांडसोबत ॲपकडून तो मागा आणि जुळला नाही तर कमांड कार्डपर्यंत जाऊच देऊ नका. हे नंतर जोडता येत नाही हो, पहिल्याच व्हर्जनमध्ये हवं.

स्ट्रक्चरमध्ये लाँग किंवा पॉइंटर टाकू नका, ठरलेल्या साइजचे टाइप वापरा, पॉइंटरसाठी यू६४ (६४ बिटचा पूर्णांक). यू३२ नंतर लगेच यू६४ ठेवला तर एक्स८६ वर ३२ बिटमध्ये १२ बाइट आणि ६४ बिटमध्ये १६ बाइट होतात, माझे दोन दिवस यातच गेलेत, तेव्हा मधली जागा स्वतः भरा आणि ती शून्य नसेल तर ईइनव्हॅल ही एरर द्या. कार्ड नाही तर ईनोमीडियम, रीडरच गेला तर ईनोडेव्ह, अनोळखी कॉलला ईनॉटटीवाय. लांबी यूजरकडून एकदाच कॉपी करून तपासा, दुसऱ्यांदा वाचली तर मधल्या वेळात बदललेली असू शकते. आणि काम झालं की बफर मेमझीरो-एक्स्प्लिसिट या कर्नल फंक्शनने पुसा, त्यात पिन असतो.