जपानच्या ‘एइकाइवा’त इंग्रजी शिकवायला जायचंय? आधी मिनिटं मोजा

जपानमध्ये स्टेशनबाहेर आलं की समोरच्या इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर ‘एइकाइवा’ अशी पाटी हमखास दिसते. ‘एइ’ म्हणजे इंग्रजी आणि ‘काइवा’ म्हणजे संभाषण. दुपारी इथे गृहिणी आणि निवृत्त मंडळी येतात, चार वाजल्यापासून शाळा सुटलेली मुलं येतात आणि संध्याकाळी सातनंतर ऑफिसातून थेट आलेले नोकरदार. मोठ्यांपैकी बहुतेकांनी शाळेत किमान सहा वर्षं इंग्रजी व्याकरण घोटलेलं असतं. शब्द ठाऊक असतात, पण तोंड उघडत नाही. ते उघडावं म्हणून ते पैसे भरतात. त्यामुळे वर्गात विद्यार्थी किती मिनिटं बोलला आणि करारात तुमची किती मिनिटं कामाची धरली, हे दोन हिशेब पक्के असतील तर ही नोकरी चांगली होते. पुढच्या बहुतेक पायऱ्या याच दोन हिशेबांच्या आहेत.

पायरी १ : आपण पात्र आहोत का?

खासगी संभाषण शाळेसाठी ‘तंत्रज्ञान, मानव्यविद्या व आंतरराष्ट्रीय सेवा’ या वर्गातला निवास परवाना लागतो. भाषा शिकवण्यासाठी पदवी हवी, विषय कुठलाही चालतो. सरकारी शाळेत सहायक शिक्षक म्हणून जायचं असेल तर परवान्याचा वर्ग वेगळा, ‘शिक्षण’. एका वर्गाच्या परवान्यावर दुसऱ्या प्रकारची नोकरी धरता येत नाही, आधी बदलाचा अर्ज करावा लागतो.

‘शिक्षण’ वर्गात आणखी एक अट आहे: जी भाषा शिकवणार, त्या भाषेतून किमान १२ वर्षांचं शिक्षण झालेलं हवं. भारतीय उमेदवाराकडे बऱ्याच संभाषण शाळाही हाच पुरावा मागतात. पहिलीपासून इंग्रजी माध्यम असेल तर दहावी, बारावी आणि पदवी मिळून १५ वर्षं होतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम असेल तर अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची तीन अशी पाचच भरतात, आणि इंग्रजी कितीही उत्तम असलं तरी तो आकडा बदलत नाही. शाळा, ज्युनिअर कॉलेज आणि कॉलेज या तिन्हींकडून ‘शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं’ असं लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. हे बोनाफाईड भारतात असतानाच काढा. जपानमधून शाळेच्या क्लार्कला फोन करत बसणं फार जड जातं.

अनेक जाहिरातींत ‘नेटिव्ह स्पीकर’ असं लिहिलेलं असतं आणि तिथे अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशाच देशांचा पासपोर्ट बघितला जातो. हे अन्यायाचं आहे, पण वस्तुस्थिती म्हणून धरून चला. लहान मुलांच्या शाळा, व्यावसायिक इंग्रजी शिकवणाऱ्या संस्था आणि छोट्या शहरांतल्या एका मालकाच्या शाळा इथे दार जास्त उघडं असतं.

जोडीदाराच्या नोकरीमुळे आधीच जपानमध्ये असाल (टोकियोच्या निशिकासाई भागात अशी भारतीय कुटुंबं पुष्कळ आहेत) तर ‘कुटुंबीय’ परवान्यावर वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. मात्र ही सरसकट परवानगी नोकरीसाठी असते. स्वतंत्र कंत्राटदार म्हणून केलेल्या कामाला ती पुरत नाही.

पायरी २ : करार वाचा, पेन घेऊन

सगळ्यात आधी करारात तुम्ही ‘कर्मचारी’ आहात की ‘ग्योमु इताकु’ आहात ते पाहा. ग्योमु इताकु म्हणजे स्वतंत्र कंत्राटदार. त्यात भरपगारी रजा नाही, बेकारी विमा नाही, मालकाच्या वाट्याचा आरोग्य विमा आणि पेन्शनही नाही. विद्यार्थ्याने पाठ रद्द केला की त्याचे पैसेही बहुधा जातात. ताशी दर मोठा दिसला तरी तुलना या सगळ्यांसकट करा. कर्मचारी असाल तर सहा महिन्यांनी, ८० टक्के हजेरी असल्यास, पूर्णवेळ कर्मचाऱ्याला कायद्याने १० दिवसांची भरपगारी रजा मिळते.

मग तास मोजा. समजा, दिवसाला ४० मिनिटांचे ८ पाठ आहेत आणि दोन पाठांमध्ये १० मिनिटं आहेत. करारात फक्त पाठ मोजले तर दिवसाचे ३२० मिनिटं, पाच दिवसांचे २६ तास ४० मिनिटं होतात. पण मधल्या सात फटींत तुम्ही आधीच्या विद्यार्थ्याची नोंद लिहिता, फळा पुसता, पुढचं पुस्तक काढता. त्या फटी धरल्या की आठवड्याचे साडेबत्तीस तास होतात. मालकाच्या हुकमतीखाली घालवलेला वेळ हा कामाचाच वेळ, असं जपानची न्यायालयं मानतात. म्हणून मुलाखतीत सरळ विचारा: ‘दोन पाठांमधली मिनिटं तासांत धरली आहेत का?’

करारांत वर्षानुवर्षं २९.५ तास हा चमत्कारिक आकडा दिसत आला आहे. पूर्णवेळाच्या तीन-चतुर्थांश, म्हणजे साधारण ३० तास भरले की ‘शाकाई होकेन’ (आरोग्य विमा आणि पेन्शन) द्यावं लागतं. ते टाळण्यासाठी हा अर्धा तास कापला जायचा. ऑक्टोबर २०२४ पासून ५१ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थांत आठवड्याला २० तासांवरच हा विमा लागू होतो, त्यामुळे मोठ्या शाळांत ही पळवाट बंद झाली. छोट्या शाळांत मात्र ती अजून सापडेल.

‘वर्षाच्या आत सोडल्यास अमुक लाख येन दंड’ असं कलम असेल तर घाबरू नका. असा आधीच ठरवलेला दंड कामगार मानक कायद्याच्या कलम १६ नुसार बेकायदेशीर आहे. पण असं कलम लिहिणारी शाळा कशी वागेल याचा अंदाज त्यावरून येतो, आणि तो गांभीर्याने घ्यावा.

पायरी ३ : कागद, विमान, कुयाकुशो

परवान्यासाठी जपानमधला अर्ज शाळा करते. तुम्ही पदवीची प्रत, करार आणि ४ गुणिले ३ सेंटिमीटरचा फोटो पाठवता. पात्रता प्रमाणपत्र यायला साधारण एक ते तीन महिने लागतात. २०२३ पासून ते ई-मेलनेही मिळतं. त्याची मुदत तीन महिने असते आणि त्याच काळात व्हिसा घेऊन जपानमध्ये पाऊल ठेवावं लागतं. म्हणून ते हाती येईपर्यंत भारतातली नोकरी सोडू नका.

विमानतळावर ‘झाइर्यू कार्ड’, म्हणजे निवास कार्ड, मिळतं. घर मिळाल्यापासून १४ दिवसांत कुयाकुशो किंवा शियाकुशोत, म्हणजे पालिकेच्या कार्यालयात, पत्ता नोंदवा. शाळा विमा देत नसेल तर त्याच दिवशी तिथेच राष्ट्रीय आरोग्य विमा घ्या. उशिरा गेलात तरी हप्ते पहिल्या दिवसापासूनचेच भरावे लागतात. पुढे कधी शाळा बदलली तर तेही १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं असतं.

पायरी ४ : पैशांचा हिशेब

महिना अडीच लाख येन हा या क्षेत्रातला जुना, ठरलेला आकडा. आजही बरेच पगार त्याच्याच आसपास फिरतात. त्यातून पेन्शनचे ९.१५ टक्के, आरोग्य विम्याचे सुमारे ५ टक्के, थोडा बेकारी विमा आणि प्राप्तिकर जाऊन हातात साधारण २ लाख ७ हजार येतात. घरभाडं त्यातूनच.

पहिला पगार बहुधा पुढच्या महिन्यात होतो. त्यामुळे तोवरच्या भाड्याखर्चासाठी दोन ते तीन लाख येन सोबत हवेत. स्वतः भाड्याने घर घेतलंत तर ठेव, परत न मिळणारी ‘रेइकिन’ आणि दलाली मिळून चार-पाच महिन्यांचं भाडं एकदम जातं. पहिलं वर्ष शाळेने दिलेल्या घरात काढणं त्यापेक्षा सोयीचं. दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून ‘जूमिनझेइ’ हा रहिवासी कर सुरू होतो. आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर बसणारा हा कर या पगाराला महिना दहा हजार येनच्या आसपास पडतो. पहिल्या वर्षी तो नसतो, म्हणून खर्चाची सवय सैल होते आणि जून आला की ओढाताण होते.

पायरी ५ : पन्नास मिनिटांचा पाठ

खरं काम इथे आहे. चार विद्यार्थी, ५० मिनिटं. शिक्षक ३० मिनिटं बोलला तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. तेच वीस मिनिटं जोड्या लावून बोलायला दिली तर दोन्ही जोड्या एकाच वेळी बोलतात आणि प्रत्येकाला दहा मिनिटं मिळतात. ज्याने पैसे भरलेत त्याला हा फरक घरी जाताना जाणवतो.

विषय घ्या ‘हॉटेलात खोली बदलून मागणे’. पहिली पाच मिनिटं प्रत्येकाला एकेक सोपा प्रश्न. पुढची सात मिनिटं फळ्यावर जास्तीत जास्त सहा शब्द किंवा वाक्यांश, त्याहून जास्त लिहिले तर एकही तोंडात बसत नाही. आठ मिनिटं तीच वाक्यं म्हणून घ्या: ‘द एअर कंडिशनर इज टू नॉइझी. कुड आय चेंज रूम्स?’ मग वीस मिनिटं जोड्यांत प्रसंग, तीन फेऱ्या, दर फेरीला जोडीदार बदलून. पहिली फेरी पुस्तक उघडं ठेवून, दुसरी फळा बघून, तिसरी काहीच न बघता. तिसऱ्या फेरीतच खरं बोलणं सुरू होतं, म्हणून वेळ कमी पडला तर आधीचं कापा, तिसरी फेरी नाही. या वीस मिनिटांत तुम्ही गप्प राहून चुका टिपा. नंतर त्यातल्या दोनच, कुणाच्या नावाशिवाय, फळ्यावर लिहून सगळ्यांकडून दुरुस्त करून घ्या. उरलेल्या तीन मिनिटांत प्रत्येकाने स्वतःचं एक वाक्य बोलून बाहेर पडायचं.

नव्या शिक्षकाची नेहमीची चूक म्हणजे शांतता न सोसणं. प्रश्न विचारला की विद्यार्थी खाली बघून ‘एऽत्तो…’ म्हणतो. त्याचा अर्थ ‘येत नाही’ असा नसतो, ‘जुळवतोय’ असा असतो. मनात सातपर्यंत मोजा, वाक्य बहुधा येतंच. आणि ‘समजलं का?’ असं कधीच विचारू नका, मान हमखास होकारार्थी हलते. त्याऐवजी विचारा: ‘पाहुण्याची तक्रार कशाची आहे?’

मराठी माणसाला इथे एक अंगभूत फायदा आहे. जपानीतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, प्रत्यय नामाच्या मागे लागतात आणि ‘अ’, ‘द’सारखी उपपदं नसतात. म्हणजे विद्यार्थी कुठे अडखळतो ते तुमच्या मातृभाषेलाच ठाऊक आहे. ‘त्सुनामी’तला ‘त्सु’ म्हणजे आपल्या ‘चमच्या’तला दंततालव्य च, त्यामुळे विद्यार्थ्यांची नावंही तुमच्या तोंडी चटकन बसतात. पण स्वतःच्या उच्चारांकडेही बघा. ‘पेन’मधला प इंग्रजीत थोडा महाप्राण असतो. ओठांसमोर कागदाची पट्टी धरा, ती हलली पाहिजे. ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठावर टेकले पाहिजेत, ‘डब्ल्यू’ला नाही.

विद्यार्थ्यांच्या दोन अडचणी ठरलेल्या. एक, ल आणि र. जपानी र आपल्या र सारखा जीभ एकदा आपटून होतो आणि दोन्ही इंग्रजी ध्वनींच्या जागी तोच येतो. ‘लाइट’साठी जिभेचं टोक वरच्या दातांमागे दाबून दोन सेकंद धरायला लावा. ‘राइट’साठी जीभ कुठेच टेकू न देता ओठ जरा गोल करा. दुसरी, व्यंजनाला चिकटणारे स्वर: ‘स्ट्राइक’चं ‘सु-तो-रा-इ-कु’ होतं. आधी पाच टाळ्या वाजवून ते म्हणून घ्या, मग एका टाळीत ‘स्ट्राइक’. कानाने न उमगलेला फरक हाताला कळतो.

पाठ संपला की नोंद लिहा. बऱ्याच ठिकाणी तिला ‘कारुते’ म्हणतात. दवाखान्यातल्या केसपेपरचाच हा शब्द. ‘छान पाठ’ असं लिहून पुढच्या शिक्षकाला काही कळत नाही. ‘भूतकाळ बोलताना चुकतो, लिहिताना नाही, सप्टेंबरात कामासाठी सिंगापूरला जाणार’ असं लिहा.

पायरी ६ : मुलांचा वर्ग आणि चाचणी पाठ

तीन-चार वर्षांच्या मुलांना ४० मिनिटांत सात-आठ वेगळे खेळ लागतात, दर पाच मिनिटांनी बदल. चित्रकार्डं सहा ते आठ, जमिनीवर पसरून ‘कारुता’: शब्द ऐकला की कार्डावर हात मारायचा. कोण आधी यावर भांडण झालं की ‘जानकेन’, म्हणजे दगड-कात्री-कागद. तो निकाल सगळी मुलं निमूट मानतात. बूट बाहेर काढायचे असतात, म्हणून मोजे धड हवेत. अत्तराचा उग्र वास चालत नाही.

नवं गिऱ्हाईक चाचणी पाठाला येतं आणि त्यानंतर शाळेतला जपानी कर्मचारी फी आणि वर्गाची बोलणी करतो. तुमचं काम फक्त पाठाचं. त्यात त्याने इंग्रजी कशासाठी हवं ते सांगावं, तुम्ही त्याची एक चूक सुधारावी आणि जाताना नवं एक वाक्य त्याला न बघता म्हणता यावं. पातळी मात्र खरी सांगा. विक्रीसाठी वरच्या वर्गात ढकललेला विद्यार्थी दोन महिन्यांत गळतो.

पायरी ७ : बिनसलं तर, आणि निघताना

पगार एकदा जरी उशिरा झाला तरी कारण लेखी मागा. ऑक्टोबर २००७ मध्ये नोव्हा ही त्या वेळची सर्वांत मोठी साखळी कोसळली, त्याआधी पगार लांबू लागले होते. पगारातून कापलेलं भाडं घरमालकांपर्यंत न पोचल्याने काही शिक्षकांवर घर सोडायची वेळ आली. २०१० मध्ये जिओसही बुडाली. संस्था दिवाळखोरीत गेली तर थकलेल्या पगाराचा ८० टक्के भाग, ठरलेल्या मर्यादेत, सरकार देतं, पण त्यासाठी पगारपत्रकं जपलेली हवीत. बाकी तक्रारींसाठी कामगार मानक निरीक्षण कार्यालय आहे. शिवाय ओसाकाच्या जनरल युनियनसारख्या संघटनांत परदेशी शिक्षकांना सभासद होता येतं.

मुदतीच्या करारात एक वर्ष पूर्ण झालं की कधीही राजीनामा देता येतो. मात्र योग्य कारणाशिवाय तीन महिने काम न करता राहिलात तर परवाना रद्द होऊ शकतो, म्हणून पुढची नोकरी आधी बघा.

कायमचे परतताना पेन्शनचं बघा. किमान सहा महिने भरलेलं असेल आणि दहा वर्षं झाली नसतील, तर देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज करून एकरकमी परतावा मिळतो. तो सध्या जास्तीत जास्त ६० महिन्यांचा धरला जातो आणि त्यातून २०.४२ टक्के कर कापतात. हा कर परत मागता येतो, पण त्यासाठी निघण्यापूर्वी जपानमधल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला कर-प्रतिनिधी म्हणून कर कार्यालयात नोंदवून ठेवावं लागतं. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे आणि त्यात दोन्ही देशांतली वर्षं जोडता येतात. एकरकमी पैसे घेतले की जपानमधले ते महिने त्या हिशेबातून कायमचे वजा होतात.